प्रेमकथेचा जमाखर्च

१ नोव्हेंबर १७९७ रोजी इंग्लंडातल्या स्टीव्हन्टन नावाच्या खेड्यातून जॉर्ज ऑस्टिन या पाद्र्याने लंडनच्या कॅडेल या नामांकित प्रकाशकाला पत्र लिहिलं. आपल्याकडे तीन खंडांच्या एका कादंबरीचं हस्तलिखित आहे. लेखकाने स्वतःच्या जबाबदारीवर छापायचं ठरवलं तर खर्च किती येईल, आणि वाचून पसंत पडली तर हक्कांपोटी किती रक्कम द्याल, एवढंच त्यात विचारलं होतं. कादंबरी कुणाची हे लिहिलं नव्हतं. प्रकाशकाने हस्तलिखित मागवलंसुद्धा नाही. पत्राच्या माथ्यावर ‘उलट टपाली नकार’ असा शेरा पडला आणि प्रकरण मिटलं. ती कादंबरी त्याच्याच मुलीने लिहिली होती, आणि तिला तेव्हा बाविसावं सरत आलं होतं. नाव बदलून, बरीच कापून-छाटून तीच कादंबरी १८१३ साली ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ म्हणून बाहेर आली. मधली पंधरा वर्षं जेन ऑस्टिनने कशी काढली, याचा विचार माझ्या डोक्यातून कधी जात नाही.

मी स्वतः प्रेमकथा लिहिते. दिवाळी अंकांसाठी लिहिल्या, मासिकांसाठी लिहिल्या, आता मोबाईलवर वाचणाऱ्यांसाठी क्रमशः लिहिते. ‘साभार परत’च्या चिठ्ठ्या आमच्या पिढीच्या प्रत्येक लेखकाकडे असतात, तशा माझ्याकडेही आहेत. आपलाच पत्ता लिहून, तिकीट लावून पाठवलेलं पाकीट पोस्टमनच्या हातात दिसलं की आत काय आहे ते उघडायच्या आधी कळायचं. तरी जेनच्या नकाराचं मला जास्त वाईट वाटतं, कारण तिचं कुणी वाचलंच नव्हतं.

प्रेमकथा लिहिणाऱ्या बाईला लोक एक प्रश्न हमखास विचारतात. हे सुचतं कुठून? विचारताना आवाज थोडा खाली येतो, म्हणजे खरा प्रश्न वेगळाच असतो हे आपल्याला समजतं. जेनलाही मरणोत्तर दोनशे वर्षं लोक हाच प्रश्न विचारत आले आहेत, आणि उत्तर म्हणून टॉम लफ्रॉयचं नाव पुढे करत आले आहेत. १७९५च्या नाताळात आयर्लंडचा हा तरुण शेजारच्या गावी काकांकडे राहायला आला होता. दोघं काही नाचांना भेटली, जास्तच वेळ एकमेकांबरोबर नाचली, आणि जेनने बहिणीला त्याबद्दल खट्याळ पत्रं लिहिली. त्याच्याकडे पैसा नव्हता, हिच्याकडेही नव्हता, आणि घरातल्या सगळ्यांची भिस्त त्याच्या वकिलीवर होती. काकूने वेळीच त्याची रवानगी केली. पुढे तो आयर्लंडचा मुख्य न्यायाधीश झाला. त्या दोन-चार आठवड्यांवर लोकांनी केवढे इमले बांधले आहेत!

मला ते पटत नाही. प्रेमकथा लिहिणाऱ्या बाईच्या आयुष्यात एक पुरुष शोधायचा आणि बाकी सगळं त्याच्या खात्यावर मांडायचं, हा तिच्या कामाचा अपमान आहे. मला त्या घरातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते.

जेनची थोरली बहीण कॅसँड्रा. दोघी एका खोलीत झोपायच्या, शेवटपर्यंत. कॅसँड्राचं लग्न टॉम फाउल या तरुण पाद्र्याशी ठरलं होतं. तो तिच्या वडिलांकडेच शिकलेला. पण संसार चालेल इतकं उत्पन्न नव्हतं, म्हणून लग्न लांबत गेलं. पुढेमागे चांगली नेमणूक मिळेल या आशेने तो लॉर्ड क्रेव्हन नावाच्या नातलगाबरोबर लष्करी मोहिमेवर वेस्ट इंडीजला गेला, आणि फेब्रुवारी १७९७मध्ये तिकडे पिवळ्या तापाने वारला. बातमी इंग्लंडला पोचायला वसंत उजाडला. याचं लग्न ठरलंय हे ठाऊक असतं तर असल्या रोगट मुलखात मी त्याला नेलंच नसतं, असं लॉर्ड क्रेव्हन नंतर म्हणाला. टॉमने मृत्युपत्रात कॅसँड्राला एक हजार पौंड ठेवले होते. तिने पुन्हा लग्नाचा विचार केला नाही.

आता तारखा पाहा. कॅडेलने न मागवलेली ती कादंबरी जेनने ऑक्टोबर १७९६ला लिहायला घेतली आणि ऑगस्ट १७९७ला संपवली. म्हणजे ज्या महिन्यांत शेजारच्या पलंगावर बहीण दुःखात होती, त्याच महिन्यांत जेन एलिझाबेथ बेनेट घडवत होती. इंग्रजीतली सगळ्यात हसरी, सगळ्यात हजरजबाबी नायिका. त्या कादंबरीतही दोन बहिणी रात्री खोलीत एकमेकींशी बोलतात, आणि थोरलीचं ठरत आलेलं लग्न मोडल्यासारखं होतं. फक्त तिथे थोरलीचा माणूस परत येतो.

मी कॉलेजात असताना सुट्टीत मावशीकडे सांगलीला जायचे. मावशीचं वधू-वर सूचक केंद्र होतं. घराच्या पुढच्या खोलीत एक लोखंडी कपाट, त्यात मुलांच्या आणि मुलींच्या वेगवेगळ्या वह्या. माझं काम फॉर्मवरची माहिती वहीत उतरवायची. उंची, रंग, गोत्र, नाडी, शिक्षण, नोकरी, वार्षिक उत्पन्न, शेती किती आणि बागायत की जिरायत, स्वतःचं घर आहे का, भावंडांची जबाबदारी आहे का, आणि शेवटी ‘अपेक्षा’. मी वेडी, आधी अपेक्षांचा रकाना वाचायचे. मावशी म्हणायची, “अगं, ते सगळे सारखंच लिहितात. तू उत्पन्न आणि भावंडं वाच. मग कळेल कोणाला काय मागायची हिंमत आहे ते.”

मावशीने जेनचं नावही ऐकलं नव्हतं. पण मी पुढे ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ वाचायला घेतली तेव्हा दुसऱ्याच प्रकरणात मला तिची पुढची खोली दिसली. बाप मेला आहे. मरताना त्याने मुलाकडून वचन घेतलंय की सावत्र आई आणि तीन बहिणींचं बघ. मुलगा मनाशी ठरवतो, प्रत्येक बहिणीला हजार हजार पौंड देऊ. मग बायको बोलू लागते. हजाराचे पाचशे होतात. पाचशेऐवजी आईला वर्षाला शंभर द्यावेत असं निघतं. पण तिच्यासारखी माणसं फार जगतात, मग ते शंभर कायमचे मागे लागतील. मग अधूनमधून पन्नास. शेवटी ठरतं की घर शोधायला मदत करावी, सामान हलवायला हात लावावा, आणि मोसमात मासे, शिकार वगैरे धाडावी; वडिलांचा अर्थ तेवढाच होता. कुणी आवाज चढवत नाही. सगळं प्रेमळ आवाजात. चौघी बायकांना मिळून वर्षाला पाचशे पौंडांत राहायचं आहे, हे वाचकाला या प्रकरणात कळतं आणि पुढची सगळी प्रेमं त्या आकड्यावर उभी राहतात. त्या बहिणींपैकी मेरियनचं प्रेम का फसतं आणि एलिनोर गप्प का राहते, याची मुळं त्या नवरा-बायकोच्या संभाषणात आहेत.

प्रेमकथेत पैशाचा उल्लेख आला की काव्य कमी होतं, असं मला एका संपादकांनी एकदा सांगितलं होतं. मला तेव्हा पटलं नव्हतं, आजही पटत नाही. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’चा नायक डार्सी, त्याला वर्षाला दहा हजार पौंड, त्याचा मित्र बिंग्ले याला चार-पाच, एलिझाबेथच्या वडिलांना, मिस्टर बेनेटना, दोन, आणि एलिझाबेथच्या नावावर आई गेल्यावर मिळतील ते सगळे मिळून एक हजार. हे आकडे काढून टाकले तर एलिझाबेथने डार्सीला पहिल्यांदा दिलेल्या नकाराची किंमत कशी कळणार? ती काय नाकारते आहे हे ठाऊक असल्यामुळेच तो नकार अंगावर येतो.

जेनला हा हिशेब घरातूनच मिळाला होता. तिची सख्खी आत्या फिलाडेल्फिया १७५२ साली जहाजात बसून हिंदुस्थानात आली, ती नवरा मिळवायला. हुंडा नसलेल्या मुलींसाठी कंपनी सरकारचा मुलूख हे तेव्हाचं स्थळ शोधायचं ठिकाण होतं. वर्षभरात हॅनकॉक नावाच्या कंपनीच्या डॉक्टरशी तिचं लग्न लागलं. तिची मुलगी एलायझा कलकत्त्यात जन्मली आणि पुढे जेनच्याच भावाची, हेन्रीची बायको झाली. सोळा-सतरा वर्षांची असताना जेनने एक गोष्ट लिहायला घेतली होती; तीत एका अनाथ मुलीला असंच बंगालला लग्नासाठी पाठवून देतात, आणि सगळे म्हणतात, किती नशीबवान! जेनला ती मुलगी नशीबवान वाटत नव्हती, हे त्या वयातल्या लिखाणातही दिसतं.

आणि मग तिच्यावरच ती वेळ आली. २ डिसेंबर १८०२. (आपल्याकडे त्याच महिन्याच्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह केला, म्हणजे काळ ध्यानात येईल.) जेन सव्वीस वर्षांची, सत्तावीसला टेकलेली. मॅनिडाउन नावाच्या मोठ्या वाड्यावर ती आणि कॅसँड्रा मैत्रिणींकडे पाहुण्या म्हणून गेल्या होत्या. त्या मैत्रिणींच्या धाकट्या भावाने, त्या सगळ्या इस्टेटीच्या वारसाने, तिला मागणी घातली. तिने होकार दिला. रात्र गेली. सकाळी उठून तिने तो होकार मागे घेतला आणि दोघी बहिणी घोडागाडी मागवून तिथून निघाल्या. त्या एका होकाराने म्हातारे आईवडील, बहीण आणि ती स्वतः, सगळ्यांची आयुष्यभराची सोय लागणार होती. पुढे एका भाचीला लग्नाबद्दल सल्ला देताना तिने लिहिलं की प्रेमावाचून लग्न करण्यापेक्षा दुसरं काहीही सोसलेलं बरं. त्याच भाचीला काही वर्षांनी हेही लिहिलं की एकट्या बायकांना गरीब होण्याची भयंकर खोड असते. ही दोन्ही वाक्यं तिच्या मनापासूनची आहेत. तिच्या कादंबऱ्या या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत घडतात. तिला प्रेरणा कुठून मिळाली याचं मला माहीत असलेलं उत्तर एवढंच.

त्यानंतरची वर्षं वाईट होती. वडिलांनी निवृत्त होऊन कुटुंब बाथ शहरात हलवलं होतं, तिथे १८०५च्या जानेवारीत ते वारले. हाती घेतलेली कादंबरी तिने सोडून दिली. भाड्याच्या खोल्या, मग साउदॅम्प्टनला भावाच्या घरी, मग नातलगांकडे मुक्काम. बायका प्रेमकथा लिहितात त्या रिकाम्या वेळात, असं समजणाऱ्यांनी ही वर्षं पाहावीत. तिच्याकडे वेळ होता. स्वतःचं घर नव्हतं, कोणता दिवस कसा जाईल हे सांगता येत नव्हतं, आणि लिखाण जवळजवळ थांबलं होतं. सासरी-माहेरी ये-जा करत लिहिणाऱ्या बाईला हे समजावून सांगावं लागत नाही.

जुलै १८०९मध्ये श्रीमंत घरी दत्तक गेलेल्या भावाने, एडवर्डने, चॉटन गावात आपल्या मालकीचं एक घर आई-बहिणींना राहायला दिलं. त्या घरात आई, कॅसँड्रा, मैत्रीण मार्था लॉइड आणि जेन अशा चौघी. आणि इथून पुढच्या सात वर्षांत सहाच्या सहा कादंबऱ्या तयार झाल्या. तीन जुन्या हस्तलिखितांवरून पुन्हा घडवलेल्या, तीन नव्या.

तिच्या दिवसाबद्दल घरच्यांनी लिहून ठेवलंय. सकाळी सगळ्यांच्या आधी उठून पियानो. मग नऊ वाजताची न्याहारी तिच्याकडे. चहा, साखर आणि वाइनचा साठा तिच्या ताब्यात. बाकीचं घर कॅसँड्रा आणि मार्था बघायच्या. ही वाटणी मला फार मोठी गोष्ट वाटते. तीन बायकांनी मिळून चौथीला दिवसाचे काही तास मोकळे करून दिले होते. त्याची किंमत कॅसँड्रा बाहेरगावी गेली की कळायची. १८१६च्या सप्टेंबरात पाहुण्यांनी भरलेल्या घरातून जेनने तिला लिहिलं की डोक्यात मटणाचे तुकडे आणि औषधांचे डोस भरलेले असताना लिहिणं मला अशक्य वाटतं.

खिडकीजवळ अक्रोडाच्या लाकडाचं एका पायाचं छोटं टेबल, बारा कोनांचं. त्यावर एक वही आणि दौत मावेल इतकीच जागा. तिच्या भाच्याने म्हातारपणी लिहिलेल्या चरित्रात तो प्रसिद्ध दरवाजा येतो. बाहेरचं दार आणि घराचा कामधामाचा भाग यांच्या मधलं एक दार करकरायचं. तेल घालू नका, असं तिचं सांगणं होतं. करकर झाली की कागद झाकायचे, येणाऱ्याचं स्वागत करायचं. कागदही लहान आकाराचे, पटकन झाकता येतील असे.

ही आठवण लोक गोड किस्सा म्हणून सांगतात. मला तीत कामाची पद्धत दिसते. माझं लिखाण जेवणाच्या टेबलावर होतं. कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मध्ये, गॅसवाला यायच्या आधी, सासूबाईंची औषधं देऊन झाल्यावर. सुरुवातीला मी एकांत मिळेल तेव्हा लिहू म्हणून थांबायचे आणि तो मिळायचा नाही. मग मी उठताना वाक्य अर्ध्यावर सोडायला शिकले, म्हणजे परत बसल्यावर कुठून सुरू करायचं हे वाक्यच सांगतं. दुपारी वाढताना मनात पुढचा संवाद चालू असतो. घरच्यांना ते माहीत आहे, माझी मुलगी म्हणते, “आई, भाजीत मीठ टाकलंस का, की कुणाचं भांडण चाललंय?” जेनबद्दलही एका भाचीने लिहिलंय की शेकोटीजवळ शिवत बसलेली आत्या मध्येच खुदकन हसायची, उठून टेबलाशी जाऊन काहीतरी लिहायची आणि परत येऊन शिवायला बसायची.

शिवणाचा आणि तिच्या लिखाणाचा दुवा मला एका फोटोत सापडला. बाथमध्ये सोडून दिलेल्या त्या कादंबरीचं हस्तलिखित शिल्लक आहे. त्याचा मोठा भाग ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयाने २०११ साली विकत घेतला. घरीच दुमडून केलेल्या छोट्या चोपड्या, काठोकाठ भरलेल्या, समासासाठी जागाच सोडलेली नाही. एखादा परिच्छेद बदलायचा झाला की नवा मजकूर वेगळ्या कागदावर लिहून तिने तो बरोबर त्याच जागी टाचणीने टाचला आहे. कपड्याला टाचतात त्या टाचण्या. ठिगळ तंतोतंत मापाचं. हे पाहून मला वाटलं, प्रतिभा वगैरे शब्द जरा बाजूला ठेवावेत आणि या टाचण्या नव्या लेखकांना दाखवाव्यात.

तिच्याकडे शिकायला आलेली एक लेखिका होती, तिची भाची ॲना. ॲना कादंबरी लिहित होती आणि प्रकरणं आत्याला वाचायला पाठवायची. १८१४ची ती उत्तरं म्हणजे मला मिळालेली लेखनाची एकमेव शाळा. खेड्यातली तीन-चार कुटुंबं, लिहायला एवढं भांडवल उत्तम, असं तिने ॲनाला कळवलं. पात्रं आयर्लंडला जाताहेत तर जाऊ देत, पण तिथल्या रीतीभाती तुला ठाऊक नाहीत, तेव्हा तू त्यांच्याबरोबर जाऊ नकोस. ॲनाने ती कादंबरी पुरी केली नाही. आत्या गेल्यावर तिने हस्तलिखित जाळलं.

आता छापण्याचं. १८०३ साली ‘सुझन’ नावाची तिची कादंबरी लंडनच्या क्रॉस्बी या प्रकाशकाने दहा पौंडांना विकत घेतली. जाहिरातही केली. पुस्तक मात्र काढलं नाही. सहा वर्षं वाट पाहून एप्रिल १८०९मध्ये तिने खोट्या नावाने पत्र लिहिलं: हस्तलिखित हरवलं असेल तर दुसरी प्रत देते, नाहीतर मी दुसरीकडे छापते. क्रॉस्बीचं उत्तर आलं. छापण्याची मुदत ठरलेली नव्हती. दुसरीकडे छापलंत तर कायद्याने अडवू. दहा पौंड भरा आणि परत न्या. तिला वर्षभराचा हातखर्च पुरवून दहा पौंड बाजूला काढणं शक्य नव्हतं. हस्तलिखित तिथेच राहिलं. १८१६ साली हेन्रीने पैसे भरून ते सोडवलं. २०१७पासून इंग्लंडच्या दहा पौंडांच्या नोटेवर तिचाच चेहरा आहे.

माझी पहिली कादंबरी एका प्रकाशकांकडे अशीच काही वर्षं पडून होती. प्रत्येक वेळी “पुढच्या हंगामात बघू” असं गोड उत्तर. शेवटी मी प्रत परत मागितली, तेव्हा ती शोधायलाच त्यांना महिने लागले. त्या दिवसांत क्रॉस्बीचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं आहे. आपलं लिखाण दुसऱ्याच्या कपाटात बंद असताना पुढचं लिहायला बसणं किती जड जातं, ते जिने केलं तिच्याबद्दल मला शब्द अपुरे पडतात.

चॉटनला आल्यावर तिने वेगळा रस्ता धरला. ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ थॉमस एगर्टन या प्रकाशकाकडे कमिशनच्या तत्त्वावर दिली. म्हणजे कागद, छपाई, जाहिरात सगळा खर्च लेखकाचा. विक्रीवर प्रकाशकाचं कमिशन. तोटा झाला तर तोही लेखकाचा. आपल्याकडे लेखक पैसे घालून पुस्तक काढतात, ते पुष्कळसं असंच असतं आणि त्याची लाज वाटून घेतात. लाज कसली? जेनने तोटा येणार असं धरून थोड्या उत्पन्नातून पैसे बाजूला काढून ठेवले होते, असं हेन्रीने लिहिलंय. ऑक्टोबर १८११मध्ये पुस्तक आलं. तीन खंड, किंमत पंधरा शिलिंग, लेखकाच्या जागी फक्त ‘एका स्त्रीकडून’. दोन वर्षांच्या आत आवृत्ती संपली आणि तिच्या हातात १४० पौंड नफा आला. तिच्या स्वतःच्या कमाईचे पहिले मोठे पैसे. वय सदतीस.

तोपर्यंत तिने ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’चे सगळे हक्क एगर्टनला ११० पौंडांना देऊन टाकले होते. तिला १५० हवे होते. ते पुस्तक धडाक्याने खपलं आणि सगळा फायदा एगर्टनचा झाला. जानेवारी १८१३च्या अखेरीस पहिली प्रत चॉटनला पोचली, त्या संध्याकाळी शेजारच्या मिस बेन नावाच्या गरीब, एकट्या बाई जेवायला होत्या. मायलेकींनी आळीपाळीने त्यांना पुस्तक वाचून दाखवलं, लेखिका समोर बसली आहे हे न सांगता. मिस बेनना एलिझाबेथ आवडली. जेनने हे कॅसँड्राला किती आनंदाने कळवलंय! पुढच्या पत्रात तक्रारही आहे: आई फार भरभर वाचते, पात्रांना त्यांच्या त्यांच्या ढंगात बोलू देत नाही. संवाद ओठांवर घोळवून लिहिणाऱ्या बाईची ती तक्रार आहे.

पुढे जॉन मरे या मोठ्या प्रकाशकाने ‘एमा’सह तीन कादंबऱ्यांच्या हक्कांसाठी मिळून ४५० पौंड देऊ केले. तिने नाकारले आणि ‘एमा’ स्वतःच्या खर्चाने काढली. शुद्ध व्यवहार पाहिला तर त्यात तिचं नुकसान झालं. मरेने तिच्याच दुसऱ्या एका पुस्तकाच्या आवृत्तीचा तोटा ‘एमा’च्या नफ्यातून वळता केला आणि तिच्या हाती चाळीस पौंडांहूनही कमी आले. मला तरीही तो नकार बरोबर वाटतो. एका पुस्तकाचे हक्क गेल्यावर काय होतं हे तिने पाहिलं होतं.

याच सुमारास राजपुत्राच्या ग्रंथपालाने तिला सुचवलं की आता एखाद्या राजघराण्यावर ऐतिहासिक रोमान्स लिहा. तिने १ एप्रिल १८१६ला नम्रपणे कळवलं की जीव वाचवण्यासाठी लिहायचं झालं तरच ते मला जमेल, आणि हसायची मनाई असेल तर पहिलं प्रकरण पुरं व्हायच्या आत मला फाशीच होईल. मी माझ्याच वाटेने जाणार. तब्येत तेव्हाच बिघडत चालली होती. त्याच वर्षी हेन्रीची बँक बुडाली होती. अशा दिवसांत ती ‘पर्सुएशन’ लिहीत होती.

तिच्या त्या सहा कादंबऱ्यांपैकी एकीचंही हस्तलिखित उरलेलं नाही. अपवाद ‘पर्सुएशन’च्या शेवटच्या दोन प्रकरणांचा, आणि ती उरली कारण ती तिने टाकून दिली होती. या कादंबरीची नायिका ॲन एलियट सत्तावीस वर्षांची आहे. आठ वर्षांपूर्वी पैसा नसलेल्या एका नौसैनिकाशी ठरलेलं लग्न तिने वडीलधाऱ्यांचं ऐकून मोडलं होतं. आता तो कॅप्टन वेंटवर्थ श्रीमंत होऊन परत आला आहे. पहिल्या खर्ड्यात एक ॲडमिरल त्या दोघांना एका खोलीत आणून सोडतो, एक गैरसमजाचा निरोप असतो, तो दूर होतो आणि दोघं एकमेकांची होतात. ‘समाप्त’ लिहून जेनने खाली तारीख घातली, १८ जुलै १८१६. सगळं जमलेलं, वाचकाने तक्रार केली नसती. पण तिचं समाधान झालं नाही. आजारी शरीराने तिने पुन्हा लेखणी उचलली.

नव्या शेवटात बाथमधल्या एका खाणावळीची खोली माणसांनी भरलेली आहे. एका कोपऱ्यात दोन बायका मुलांच्या लग्नाबद्दल मोठ्याने बोलताहेत. टेबलाशी वेंटवर्थ कसलं तरी कामाचं पत्र लिहितो आहे. खिडकीजवळ ॲन त्याच्या मित्राशी बोलते आहे: आशा संपल्यावरही जास्त काळ कोण प्रेम करतं, पुरुष की बाई? मित्र म्हणतो, पुस्तकं काढून बघा. ॲन म्हणते, पुस्तकांचा दाखला नको, लेखणी इतके दिवस पुरुषांच्या हातात होती. वेंटवर्थच्या हातून लेखणी खाली पडते. तो सगळं ऐकतो आहे. समोरच्या कामाच्या पत्राआड तो दुसरं पत्र लिहायला घेतो, बोलणी कानावर पडत असताना, कुणी बघेल या धास्तीत, घाईने. बाहेर पडतो, हातमोजे राहिले म्हणून परत येतो, कागदांखालून ते पत्र काढून तिच्यापुढे ठेवतो आणि जातो.

जगातलं सगळ्यात सुंदर प्रेमपत्र म्हणून हजारो वाचकांना जे पाठ आहे, ते जेनने आपल्या नायकाकडून अगदी त्याच परिस्थितीत लिहून घेतलं ज्या परिस्थितीत ती स्वतः रोज लिहायची: भरल्या घरात, मध्येच थांबून, कागद झाकून. ६ ऑगस्टला हे प्रकरण पुरं झालं. त्यानंतर ती वर्षभरही जगली नाही.